सुकुमार राय आणि त्यांचें 'आबोल ताबोल'

'संदेश' या शब्दाचा मराठींत अर्थ निरोप किंवा वार्ता. बंगालींत हा अर्थ तर आहेच. पण बंगाली मुलाच्या कानावर हा शब्द पडला कीं त्याच्या डोळ्यांपुढें प्रथम उभी राहते ती नासविलेल्या दुधाच्या छन्याची मिठाई. १९१३ च्या मे महिन्यांत कलकत्त्याहून मुलांकरितां एक सचित्र मासिक निघूं लागलें, त्याचें नांव 'संदेश' असें ठेवितांना हे दोन्ही अर्थ चालकांच्या मनांत होते. ज्ञानाची वार्ता द्यावयाची खरी, परंतु ती जिभेला गोड लागली पाहिजे. आपल्याकडे पुण्यास वासुदेव गोविंद आपटे यांनीं १९०६ सालीं मुलांचें मासिक काढलें व त्याला 'आनंद' असें नांव दिलें, त्याची येथें आठवण होते.

'संदेश'चे संस्थापक उपेंद्रकिशोर रायचौधुरी. त्यांचे ज्येष्ठ पुत्र सुकुमार राय हे त्या वेळीं विलायतेंत मुद्रणशास्त्राचें शिक्षण घेत होते. पुढील दहा वर्षांत या सुकुमारबाबूंनीं बंगाली मुलांच्या हातीं जें दिलें, तें शंभर वर्षें उलटून गेल्यावर आजहि घरोघर पाठ म्हटलें जातें. कविताहि त्यांच्या आणि त्यांसोबतचीं चित्रेंहि त्यांचीं. हा लेखक पस्तिसाव्या वर्षीं वारला, आणि ज्या पुस्तकावर त्याची कीर्ति मुख्यतः उभी आहे, तें 'आबोल ताबोल' छापून बांधलेलें त्याच्या दृष्टीस पडलें नाहीं.

'आबोल ताबोल' म्हणजे असंबद्ध बडबड. अर्थशून्य लिहावयास विद्या कशाला लागते, असें पुष्कळ सुज्ञ माणसांनाहि वाटतें. सुकुमारबाबूंचें चरित्र व त्यांचें लेखन शेजारीं शेजारीं ठेवून पाहिलें म्हणजे ही समजूत टिकत नाहीं.

या घराण्याचें मूळ गांव मैमनसिंग जिल्ह्यांतील मसूया. तो मुलूख आज बांगला देशांत आहे. उपेंद्रकिशोर (१८६३–१९१५) हे लेखक होते, चित्रकार होते, व्हायोलिनहि उत्तम वाजवीत. मुलांकरितां त्यांनीं रामायण लिहिलें आणि त्यासाठीं चित्रें स्वतः काढलीं. त्या काळच्या रीतीप्रमाणें तीं लाकडी ठशांवर कोरून छापण्यांत आलीं व त्यांत त्यांची पार दुर्दशा झाली. दुसरा एखादा गृहस्थ छापखान्याला दूषणें देऊन स्वस्थ बसला असता. उपेंद्रकिशोरांनीं विलायतेहून यंत्रसामग्री मागविली आणि १८९५ सालीं चित्रांचे ठसे तयार करण्याचा स्वतःचा कारखाना घातला.

या कारखान्याची मुख्य विद्या 'हाफटोन'ची, आणि ती थोडी समजावून घेणें अवश्य आहे. छापखान्याजवळ शाई असते ती एकच, काळी. कागदावर ती लागते किंवा लागत नाहीं. मधली अवस्था तिला ठाऊक नाहीं. मग गालावरची फिकट सावली, आभाळांतला करडा ढग, हीं छापावयाचीं कशीं? यासाठीं मूळ चित्राचा फोटो घेतांना कॅमेऱ्यांत फोटोच्या कांचेपुढें दुसरी एक कांच बसवीत. तिच्यावर एकमेकींस छेदणाऱ्या अत्यंत बारीक रेषा आंखलेल्या असत. या जाळींतून येणारा प्रकाश ठिपक्याठिपक्यांनीं उमटे. चित्राचा भाग जितका गडद, तितका छापतांना त्याचा ठिपका मोठा; जितका उजळ, तितका बारीक. हे ठिपके तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर उतरवून मधली जागा आम्लानें झिजविली म्हणजे ठसा तयार होई. अशा चित्रावर भिंग धरून पाहिलें तर काळ्या ठिपक्यांच्या रांगांखेरीज कांहीं दिसत नाहीं. हातभर दूर धरलें कीं डोळा ठिपके विसरतो आणि गालावरची सावली दिसूं लागते.

ही जाळी फोटोच्या कांचेपासून किती अंतरावर असावी, भिंगामागील छिद्राचा आकार कसा असावा, या गोष्टी त्या काळीं कारागीर बऱ्याच अंशीं अंदाजानें ठरवीत. उपेंद्रकिशोरांनीं त्या गणितानें ठरविण्याचा ध्यास घेतला. लंडनहून निघणाऱ्या 'पेनरोज' वार्षिकांत त्यांचे या विषयावरील अनेक लेख प्रसिद्ध झाले. स्वतः ते कधीं विलायतेस गेले नाहींत. कलकत्त्यांत एका खाजगी घरांत प्रयोग करून त्यांनीं तिकडच्या तज्ज्ञांना आपले निष्कर्ष वाचावयास लाविलें, ही गोष्ट लहान नव्हे.

अशा घरांत ३० ऑक्टोबर १८८७ रोजीं सुकुमारबाबूंचा जन्म झाला. त्यांच्या भगिनी पुण्यलता चक्रवर्ती यांनीं बालपणच्या आठवणी लिहून ठेविल्या आहेत, त्यांतून या मुलाचें मोठें मनोहर दर्शन घडतें. वडिलांच्या संग्रहांतील प्राण्यांच्या चित्रांचें जाडजूड पुस्तक पुढें घेऊन तो धाकट्या भावंडांना गोष्टी सांगे, आणि पुस्तकांतले प्राणी संपले कीं पुस्तकांत नसलेले, स्वतःच नांव ठेविलेले प्राणी त्यांत मिसळून देई. 'राग बनविणें' हा त्यांचा आणखी एक खेळ. एखाद्या माणसाचा राग आला आणि त्याचें कांहीं वांकडें करतां येत नसलें, तर त्याची फजिती होईल अशा अघटित गोष्टी सर्वांनीं मिळून रचावयाच्या. रचतां रचतां मुलें हसूं लागत आणि राग कोठें गेला तें कोणास कळत नसे. पुढील सर्व लेखनाचें बीज या खेळांत आहे असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

१९०६ सालीं प्रेसिडेन्सी कॉलेजांतून पदार्थविज्ञान व रसायन या दोन्ही विषयांत ऑनर्ससह ते पदवीधर झाले. जगदीशचंद्र बसू आणि प्रफुल्लचंद्र राय हे दोघे त्या काळीं त्या कॉलेजांत अध्यापन करीत होते, एवढें सांगितलें म्हणजे तेथील वातावरणाची कल्पना येईल. याच सुमारास सुकुमारबाबूंनीं 'नॉन्सेन्स क्लब' नांवाची मंडळी जमविली. तिच्यासाठीं ते नाटुकलीं लिहीत व त्यांत कामें करीत. मंडळाचें एक हस्तलिखित पत्रहि निघे. त्याचें नांव 'साडे बत्तीस भाजा'. कलकत्त्याच्या फेरीवाल्यांच्या एका चटकदार खाऊचें हें नांव. आपल्याकडे एखाद्यानें मासिकाला 'मसाल्याचा चिवडा' म्हणावें, तसाच हा प्रकार.

१९११ सालीं विश्वविद्यालयाची गुरुप्रसन्न घोष शिष्यवृत्ति मिळून ते विलायतेस गेले. प्रथम लंडनमधील ठसेकामाच्या शाळेंत व नंतर मँचेस्टरच्या तंत्रशाळेंत त्यांनीं अभ्यास केला. वडिलांप्रमाणें त्यांचेहि लेख 'पेनरोज'मध्यें आले. रवींद्रनाथ त्या वेळीं इंग्लंडांत होते. त्यांच्या काव्याविषयीं सुकुमारबाबूंनीं १९१३ च्या जुलैंत लंडनच्या 'क्वेस्ट सोसायटी'पुढें इंग्रजींत निबंध वाचला. नोबेल पारितोषिकाची वार्ता येण्यास तेव्हां अजून चार महिने होते, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्याच वर्षीं ते परत आले व डिसेंबरांत त्यांचा सुप्रभादेवींशीं विवाह झाला.

१९१५ च्या डिसेंबरांत उपेंद्रकिशोर वारले. कारखाना आणि 'संदेश' या दोहोंचा भार अठ्ठाविसाव्या वर्षीं सुकुमारबाबूंच्या शिरावर आला. दर महिन्याला अंक भरावयाचा; तेव्हां कथा, कविता, कोडीं, थोरांचीं चरित्रें, यंत्रांची व प्राण्यांची माहिती, सर्व कांहीं ते लिहीत आणि चित्रेंहि काढीत. लिव्हिंग्स्टन, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचीं त्यांनीं लिहिलेलीं चरित्रें अतिशय सरळ आहेत. शास्त्रीय विषयावर लिहितांना विनोदासाठीं वस्तुस्थितीला त्यांनीं कोठें धक्का लाविला नाहीं. मुलांच्या लेखकांत हा गुण वाटतो त्यापेक्षां दुर्मिळ आहे.

आतां त्यांच्या अर्थशून्य काव्याकडे वळूं. 'खिचडी' या नांवाची त्यांची एक प्रसिद्ध कविता आहे. तिच्यांत दोन प्राण्यांचे सांधे जुळून तिसराच प्राणी होतो. बंगालींत बदकाला 'हांस' म्हणतात आणि साळिंदराला 'सजारू'. दोघांचा झाला 'हांसजारू'. 'बक' आणि 'कच्छप' मिळून 'बकच्छप'. 'हाती' आणि 'तिमि', म्हणजे देवमासा, मिळून 'हातिमि'. कवितेच्या आरंभींच कवि व्याकरण धाब्यावर बसविल्याचा आव आणतो. तो आव खोटा आहे. पहिल्या शब्दाचा शेवट आणि दुसऱ्याचा आरंभ जेथें एकाच वर्णावर येतात, बरोबर तेथेंच त्यानें सांधा केला आहे. 'हांस'चा स आणि 'सजारू'चा स, 'बक'चा क आणि 'कच्छप'चा क, 'हाती'चा ती आणि 'तिमि'चा ति. हा नियम जेथें लागू पडत नाहीं असें जोडपें त्यानें सहसा घेतलेलेंच नाहीं. मराठींत बदक आणि साळिंदर यांचा असा सांधा होत नाहीं, कितीहि खटपट केली तरी होत नाहीं. बगळा आणि कासव यांचाहि होत नाहीं. हत्ती आणि तिमिंगल यांचा मात्र 'हत्तिमिंगल' असा सुरेख होतो, आणि तो ऐकून कोणतेंहि मराठी मूल हसल्याखेरीज राहणार नाहीं. पाणिनीच्या संधीचे नियम शिकविणाऱ्या शिक्षकाला वर्गांत याहून चांगलें उदाहरण सांपडणें कठीण आहे.

जें शब्दांत, तेंच चित्रांत. हांसजारूचें चित्र पाहणाराला क्षणभरहि असें वाटत नाहीं कीं दोन चित्रें कापून चिकटविलीं आहेत. तो प्राणी उभा राहूं शकेल, चालूं शकेल, आणि त्याला स्वतःच्या विचित्र देहाविषयीं यत्किंचितहि संकोच नाहीं, असें वाटतें. येथें एक गोष्ट ध्यानांत येते. करड्या छटा छापण्याच्या विद्येंत जो माणूस पारंगत, त्यानें या कवितांचीं बहुतेक चित्रें साध्या काळ्या रेषेनें काढलीं आहेत. रेषा छापावयाला हाफटोनची जाळी लागत नाहीं. साधा रेषाठसा पुरतो. छापखान्यांत कोणती गोष्ट कशी उतरते हें पुरतें जाणणाऱ्या माणसाची ही निवड आहे, आणि त्यामुळेंच साध्या कागदावरहि हीं चित्रें बिघडत नाहींत. चित्रकलेचें रीतसर शिक्षण त्यांनीं घेतलें नव्हतें, आणि शरीररचनेचीं कांहीं प्रमाणें चुकलेलीं दाखवितां येतील. परंतु चुका दाखविणाराचा विरस होईल इतकीं तीं चित्रें जिवंत आहेत.

'खुडोर कल', म्हणजे काकांचें यंत्र, ही कविता पाहावी. चंडीदासाच्या काकांनीं एक यंत्र शोधून काढलें आहे. तें पाठीवर बांधलें कीं नाकापुढें, परंतु हाताला न लागणाऱ्या अंतरावर, खाद्यपदार्थ लटकतात, आणि त्यांच्या लोभानें माणूस कोसचे कोस न थकतां चालत सुटतो. ज्यानें यंत्रांची माहिती मुलांना गंभीरपणें समजावून दिली, त्यानेंच ही थट्टा केली आहे. दुसऱ्या एका कवितेंत कचेरींतले बडेबाबू खुर्चींतून एकदम ओरडत उठतात, कां तर त्यांची मिशी चोरीला गेली! मिशी तोंडावर आहे. आरसा दाखवितात, तरी त्यांचें समाधान होत नाहीं, उलट हाताखालच्या सर्व लोकांना दंड करण्याची भाषा सुरू होते. 'एकुशे आइन', म्हणजे एकवीस कायदा, या कवितेंतील राज्यांत पाय घसरून पडणें हा गुन्हा आहे आणि त्याचा दंड एकवीस रुपये. शिंकावयालाहि ठराविक वेळेपूर्वीं परवाना लागतो. परकी अंमलाच्या काळांत हें मुलांच्या मासिकांत छापून येत होतें. मुलें हसत होतीं आणि वडील मंडळी जरा जपून हसत असावींत. पण केवळ तेवढ्या रोखानें हें काव्य वाचूं नये. इंग्रजी राज्य जाऊन पंचाहत्तर वर्षें होऊन गेलीं, तरी मिशी हरवलेले बडेबाबू कोणत्याहि कचेरींत भेटतात.

'ह-ज-ब-र-ल' ही त्यांची गद्यकथा. घाम पुसावयाला रुमाल उचलावा तों त्याचें मांजर झालेलें, येथून आरंभ. पुढें पाटीवर हिशेब करणारा कावळा येतो, 'व्याकरण शिंग, बी. ए.' नांवाचा बोकड येतो, आणि दोन म्हातारे येतात, जे चाळिशी झाली कीं वय उलट मोजावयास लागतात, म्हणजे माणूस कधीं म्हातारा होतच नाहीं. शेवटीं न्यायालय भरतें, त्यांत पैसे घेऊन साक्ष देणारे उभे राहतात. लुइस कॅरोलच्या 'अ‍ॅलिस'शीं या कथेचें नातें उघड आहे, आणि एडवर्ड लिअर या दुसऱ्या इंग्रज विनोदी कवीशींहि सुकुमारबाबूंचें नातें सांगण्यांत येतें. लिअरहि स्वतःच्या कवितांचीं चित्रें स्वतःच काढी. १८७३ ते १८७५ या काळांत तो हिंदुस्थानांत देखावे रंगवीत हिंडूनहि गेला होता. नातें आहे म्हणून उसनवारी आहे असें मात्र नव्हे. हिशेबाची पाटी, कोर्टांतली गडबड, पदवीचा तोरा, हें सर्व त्या काळच्या कलकत्त्याचें आहे.

आपल्या या काव्याला सुकुमारबाबूंनीं स्वतः नांव दिलें तें 'खेयाल रस' असें. आपल्या साहित्यशास्त्रांत रस नऊ. हा दहावा त्यांनीं आपल्या जबाबदारीवर वाढविला. 'आबोल ताबोल'च्या छोट्या प्रस्तावनेंत त्यांनीं नम्रपणें बजाविलें आहे कीं हें पुस्तक या रसाचें आहे आणि ज्यांना तो रुचत नाहीं त्यांच्यासाठीं तें नाहीं. मुलांच्या प्रत्येक ओळींतून बोध निघालाच पाहिजे असा आग्रह धरणाऱ्या त्या पिढींत हें बजावणें धीटपणाचें होतें.

ही प्रस्तावना लिहिली तेव्हां ते अंथरुणाला खिळले होते. १९२१ सालीं, ज्या वर्षीं २ मे रोजीं त्यांचे एकुलते एक चिरंजीव सत्यजित जन्मले, त्याच वर्षीं त्यांना काळा-आजार जडला. मलेरियासारखा ताप येतो आणि जातो, प्लीहा वाढते, रक्त आटतें, त्वचेवर काळपट छटा येते, म्हणून हें नांव. एका अतिसूक्ष्म परोपजीवी जंतूमुळें हा रोग होतो हें १९०३ पासून माहीत झालें होतें. तो वाळूमाशीच्या दंशानें पसरतो हें निर्विवाद सिद्ध होण्यास आणखी कितीतरी वर्षें लागलीं. दैवाची गोष्ट अशी कीं त्याच कलकत्ता शहरांत डॉक्टर उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनीं १९२० च्या सुमारास 'यूरिया स्टिबामाइन' हें औषध तयार केलें होतें. पुढें त्यानें असंख्य रोग्यांचे प्राण वांचविले. परंतु त्याचा सार्वत्रिक उपयोग होऊं लागण्यापूर्वींच सुकुमारबाबूंचा आजार हाताबाहेर गेला.

अडीच वर्षांच्या या दुखण्यांत त्यांनीं काम टाकिलें नाहीं. 'संदेश'साठीं लिहिणें व चित्रें काढणें चालूच होतें. 'आबोल ताबोल'च्या कविता त्यांनीं अंथरुणांतूनच निवडल्या, कांहींवर पुन्हां हात फिरविला, मुखपृष्ठ काढलें, कोणत्या पानावर काय यावें याचा नमुना तयार केला. पुस्तकाची शेवटची कविता याच काळांतली आहे. तिच्यांत नेहमींचा खेळ आहे, अंधाराची व झोंपेची चाहूलहि आहे, आणि कोठेंहि गाऱ्हाणें नाहीं. १९२३ च्या ऑगस्टअखेर रवींद्रनाथ त्यांना पाहावयास गेले आणि त्यांच्या इच्छेवरून बिछान्याशेजारीं बसून त्यांनीं आपलीं पदें गाऊन दाखविलीं. १० सप्टेंबर रोजीं सुकुमारबाबूंचें देहावसान झालें. १९ सप्टेंबर रोजीं, म्हणजे बरोबर नऊ दिवसांनीं, 'आबोल ताबोल' बाहेर पडलें.

नंतरचा इतिहास कांहीं वर्षें दुःखाचा आहे. बंधु सुविनय राय यांनीं कारखाना व मासिक सांभाळण्याची शिकस्त केली, परंतु कर्ज वाढत गेलें. 'संदेश' बंद पडलें, कारखाना दुसऱ्याच्या हातीं गेला, आणि त्याबरोबर गारपार रोडवरील १०० क्रमांकाचें राहतें घरहि सोडावें लागलें. सुप्रभादेवी लहानग्या सत्यजितास घेऊन भवानीपुरास आपल्या भावाच्या आश्रयास गेल्या. विधवाश्रमांत शिकविण्याचें काम पत्करून व हातकाम करून त्यांनीं मुलाचें शिक्षण केलें. वडील गेले तेव्हां हा मुलगा सव्वादोन वर्षांचा होता. पित्याची खरी ओळख त्याला पुस्तकांच्या पानांतून व घरांत उरलेल्या चित्रांतून झाली असावी.

तरुणपणीं सत्यजित राय स्वतः पुस्तकांचीं चित्रें व मुखपृष्ठें काढूं लागले. कलकत्त्याच्या सिग्नेट प्रेसनें १९४० नंतर सुकुमारबाबूंचें साहित्य नव्यानें छापलें तेव्हां त्यांतील कांहीं पुस्तकांना मुलाच्या हातचीं चित्रें लागलीं. पुढें चित्रपटदिग्दर्शक म्हणून त्यांचें नांव जगभर झालें. आजोबा उपेंद्रकिशोरांच्या 'गुपी गाइन' या कथेवरील त्यांचा चित्रपट १९६९ सालीं आला. सुकुमारबाबूंच्या कवितांचें इंग्रजी रूपांतरहि सत्यजितांनीं थोडेंसें केलें आहे; त्याहून मोठा संग्रह सुकांत चौधुरी यांनीं १९८७ सालीं इंग्रजींत आणिला.

१९६१ च्या मे महिन्यांत सत्यजित राय व कवि सुभाष मुखोपाध्याय यांनीं 'संदेश' पुन्हां सुरू केलें. सत्यजितांनीं त्यांत पुष्कळसें लिहिलें आणि चित्रेंहि काढलीं. प्रोफेसर शंकू हें त्यांचें विक्षिप्त शास्त्रज्ञाचें पात्र त्याच वर्षीं 'संदेश'मध्यें अवतरलें. त्याची गोष्ट रोजनिशीच्या रूपानें सांगितलेली आहे, आणि तिच्या मागें वडिलांच्या 'हेशोराम हुशियार' या विक्षिप्त प्रवाशाची रोजनिशी स्पष्ट दिसते. नव्या 'संदेश'चा पहिला अंक निघाला तेव्हां सुप्रभादेवींना जाऊन सहा महिनेहि झाले नव्हते.